स्टेंट कधी काढणार, ते घरी सोडतानाच लिहून द्या

प्रति,
एंडोस्कोपी विभागांतले आणि आतड्याच्या आजारांच्या ओपीडीतले डॉक्टर, सिस्टर व समन्वयक

विषय : अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारांतल्या रुग्णांच्या पित्तनलिकेत ठेवला जाणारा स्टेंट, म्हणजे बारीक नळी

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि त्याच्या जोडीला पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, पित्तनलिका दाहाने जागोजागी आवळत जाण्याचा आजार. हे पत्र मी त्याला विचारून आणि वाचून दाखवून पाठवते आहे. मागणी आधीच सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण हे दोन रुग्णांच्या मधल्या वेळात वाचत असाल. अशा रुग्णाच्या पित्तनलिकेत स्टेंट ठेवलात, तर तो कोणत्या तारखेला काढायचा आणि तोवर ताप आला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हे लिहून दिल्याशिवाय त्याला घरी सोडू नका.

तारखेचा आग्रह अशासाठी, की या आजारात स्टेंटचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच आजारांवरून उचललं जातं. ईआरसीपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याच्या प्रक्रियेच्या, टेबलावर येणारे बहुतेक रुग्ण पित्ताच्या खड्यांचे असतात, नाहीतर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीचे. त्यांच्यात ठेवलेला प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलायचा, असा शिरस्ता आहे. पीएससीच्या रुग्णाबद्दल मात्र युरोपातल्या एंडोस्कोपी आणि यकृत या दोन्ही क्षेत्रांतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचना वेगळं सांगतात : स्टेंट ठेवावा लागलाच, तर एक-दोन आठवड्यांत काढून टाका. डिस्चार्ज कार्डावर छापील ‘फॉलो-अप : तीन महिने’ आला की हा फरक तिथेच पुसला जातो, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पीएससी झालेल्यांपैकी ६० ते ८० टक्के लोकांना आतड्याचा दाह असतो, बहुतांशी अल्सरेटिव्ह कोलायटिस. उलट बाजूने पाहिलं तर अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या शंभर रुग्णांत पीएससी असलेले सुमारे पाचच निघतात. म्हणजे आतड्याच्या ओपीडीत असा रुग्ण अधूनमधून दिसणार आणि ईआरसीपीच्या खोलीत त्याहून कमी. दोन्हीकडे तो नेहमीच्या साच्यात न बसणारा माणूस. आतड्याचे डॉक्टर म्हणतात, नळीचं तिकडे विचारा. तिकडचे म्हणतात, आम्ही नळी टाकली, बाकीचं तुमचे नेहमीचे डॉक्टर पाहतील. यात कुणाच्या मनात हयगय असते असं मला वाटत नाही. पण या दोन दारांमध्ये माणूस उभा असतो आणि त्याच्या पोटात एक परकी वस्तू असते.

ही वस्तू आत असताना काय होतं, ते मी आता बऱ्यापैकी वाचलं आहे. तुम्हाला नवं काही सांगत नाही, पण हे पत्र रुग्ण आणि त्यांच्या घरचेही वाचतील, म्हणून लिहिते. नेहमी वापरला जाणारा १० फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) प्लॅस्टिक स्टेंट म्हणजे बाहेरून ३.३ मिलिमीटर जाडीची नळी, ७ फ्रेंचचा तर त्याहून बारीक. पित्तनलिका जिथे लहान आतड्यात उघडते तिथे एक स्नायूची झडप असते. पित्त खाली जाऊ द्यायचं आणि आतड्यातलं वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. झडपेतून आरपार नळी गेली की ही राखण संपते. आतड्यातले जंतू नळीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर धरतात, त्यांच्या विकरांमुळे पित्तातली रंगद्रव्यं साका होऊन बसतात, आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांत नळी बुजत जाते. पित्त वर तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि तुंबलेल्या दाबाने ते रक्तात शिरतात. हा कोलँजायटिस.

खड्याच्या रुग्णात निदान वरच्या नलिका मोकळ्या असतात. पीएससीत यकृताच्या आतल्या फांद्याही जागोजागी आवळलेल्या असतात, मध्ये आकुंचन, मध्ये फुगवटा. ईआरसीपीत रंग सोडला की तो आवळलेल्या फांदीच्या पलीकडे जातो आणि तिथेच अडकतो. खालची मुख्य नलिका उघडून दिली तरी ती फांदी रिकामी होत नाही. म्हणूनच या रुग्णांना ईआरसीपीच्या आधी अँटिबायोटिक देतात, आणि म्हणूनच निव्वळ निदानासाठी ईआरसीपी करायची नाही, आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायची, हे आता सर्वमान्य आहे. तरीही ‘एकदा आत बघून घेऊ’ असं म्हणून ईआरसीपीची तारीख दिलेले रुग्ण आम्हाला भेटले आहेत. त्यांना एमआरसीपीबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं.

स्टेंट लागतोच का, हा प्रश्न खरं तर त्याच्याही आधीचा. २०१८ साली युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पीएससीच्या ज्या रुग्णांच्या पित्तनलिकेत एक ठळक अरुंद जागा झाली होती, त्यांच्यापैकी निम्म्यांना बलूनने, म्हणजे आत फुगवायच्या छोट्या फुग्याने, ती जागा रुंद करून दिली आणि निम्म्यांना स्टेंट ठेवला, तोही थोडेच दिवस, जास्तीत जास्त दोन आठवडे. ६५ रुग्ण झाल्यावर मधला हिशोब मांडला आणि चाचणी तिथेच थांबवली, कारण स्टेंट सरस ठरण्याची शक्यता उरली नव्हती. दोन वर्षांनंतर पुन्हा त्रास न झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत एक तृतीयांशाच्या आसपास, जवळपास सारखंच. गंभीर गुंतागुंत मात्र स्टेंटच्या गटात ४५ टक्क्यांना आणि बलूनच्या गटात ७ टक्क्यांना. त्यात मुख्यतः स्वादुपिंडाची सूज आणि पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग. हे आकडे शिस्तीत, वेळेवर काढलेल्या स्टेंटचे आहेत, हे विसरू नका. तीन-तीन महिने राहिलेल्या स्टेंटची गोष्ट इथे आलेलीच नाही.

यावरून स्टेंट वाईट असं मी म्हणत नाही. कावीळ चढलेली, आत पू झालेला आणि बलूनने जागा उघडत नाही, अशा वेळी तीच नळी जीव वाचवते. माझ्या भावाचाही एकदा वाचवला. पण बलूनवर भागत असेल तर स्टेंट का, हे रुग्णाला दोन वाक्यांत सांगायला हवं, आणि संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगायला हवं. आम्हाला पहिल्या वेळी ‘छोटी नळी बसवतो’ एवढंच कळलं होतं.

आता तापाबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, ही पित्तनलिकेच्या संसर्गाची तीन लक्षणं फ्रान्सच्या शार्को यांनी १८७७ साली सांगितली आणि आजही डिस्चार्ज कार्डावर तीच असतात : ‘ताप, कावीळ किंवा पोटदुखी झाल्यास यावे.’ ही ओळ ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली नाही, अशा माणसासाठी लिहिलेली आहे. आतड्याच्या दाहाचा रुग्ण पुष्कळदा प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडवर असतो, अझाथायोप्रिनवर असतो, इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनवर असतो. स्टिरॉइड ताप दाबतं, पोटातलं दुखणंही बोथट करतं. बाकीच्या औषधांनी जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. अशा माणसाच्या रक्तात जंतू पसरत असताना थर्मामीटर शंभराच्या आत राहू शकतो.

भावाचं असंच झालं. स्टेंट आत होता, त्याच सुमारास आतडंही उसळलं होतं, म्हणून स्टिरॉइड चालू होतं. एका संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली, दोन पांघरुणं घेऊन तो थरथरत होता. ताप मोजला तर नव्व्याण्णवच्या थोडा वर. आतड्याच्या ओपीडीत दुसऱ्या दिवशी त्याला तपासलं. संडासला जास्त वेळा जावं लागत होतंच, तेव्हा आजार उसळल्याचं निदान झालं आणि स्टिरॉइडचा डोस वाढवला. पित्ताच्या रक्तचाचण्या कुणी मागितल्या नाहीत. स्टेंटची माहिती त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागाच्या फाइलीत होती. रक्तदाब खाली जाऊन तो असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा आम्ही त्याला तातडीच्या विभागात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘पोटात कुठली नळी वगैरे आहे का?’ त्या प्रश्नाने तो वाचला. नळी पूर्ण बुजली होती. रात्रीच ती काढून दुसरी टाकावी लागली.

हे लिहिताना कुठल्या विभागावर राग काढायचा नाही. त्या ओपीडीतल्या डॉक्टरांसमोर जो कागद होता, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष समजण्यासारखा होता. कागदच अपुरा होता. म्हणून माझं म्हणणं असं, की या रुग्णांच्या कार्डावरची ओळ बदला. ‘स्टेंट आत असेपर्यंत हुडहुडी भरली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा एकाएकी फार गळून गेल्यासारखं वाटलं, तर ताप नसला तरी त्याच दिवशी यावे’ असं लिहा. ‘स्टिरॉइड चालू आहे, तापावर विसंबू नये’ हे ठळक लिहा, म्हणजे जो कुणी डॉक्टर ते कार्ड हातात घेईल त्याला दिसेल. आणि आतड्याच्या ओपीडीत, स्टेंट असलेला रुग्ण ‘बरं वाटत नाही’ म्हणून आला, तर स्टिरॉइड वाढवण्याआधी बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहिल्याशिवाय, गरज वाटली तर ब्लड कल्चर घेतल्याशिवाय, त्याला परत पाठवू नका. स्टिरॉइड स्वतःही पांढऱ्या पेशी वाढवतं, त्यामुळे एकाच आकड्यावर निर्णय होत नाही. आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहावं लागतं. तोही सोबत हवा.

याच्या उलटही घडतं. पित्तनलिकेसाठी अँटिबायोटिक दिल्यावर जुलाब वाढतात आणि तो कोलायटिसचा उद्रेक समजला जातो. आतड्याचा दाह असलेल्यांना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या संसर्गाचा धोका इतरांहून जास्त असतो आणि तो वाढवण्यात अँटिबायोटिकचा हात असतो. मलाची एक तपासणी केली की कळतं. ती न करता स्टिरॉइड वाढवणं धोक्याचं. ज्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं त्यांनीच कार्डावर ही एक ओळ लिहिली, तर पुढचा डॉक्टर थांबून विचार करेल.

स्वादुपिंडाची सूज, म्हणजे पँक्रियाटायटिस, ही ईआरसीपीनंतरची नेहमीची गुंतागुंत. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची एक मात्रा देतात आणि तिचा उपयोग होतो, हे चांगल्या चाचण्यांतून दिसलं आहे. आता आमची बाजू पाहा. याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, आतडं उसळेल, असं आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं. आणि इथे ती दाह असलेल्या गुदाशयातच ठेवायची. काहींचं मोठं आतडं गुदाशयासकट शस्त्रक्रियेने काढलेलं असतं, त्यांना तर गुदाशयच नसतो. एका मात्रेने होणारं नुकसान आणि पँक्रियाटायटिसने होणारं नुकसान यांचा तोल बहुतेक वेळा मात्रा देण्याच्याच बाजूने जाईल, हे मला समजतं. पण हा निर्णय आतड्याच्या डॉक्टरांना विचारून आधी व्हावा. टेबलावर भूल चढत असताना ‘हे औषध मला चालत नाही ना?’ असं रुग्णाने विचारायची वेळ येऊ नये. भावाने विचारलं होतं. उत्तर ऐकण्याआधीच त्याला झोप लागली. अझाथायोप्रिननेही पँक्रियाटायटिस होतो, बहुधा ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. म्हणून ईआरसीपी आणि अझाथायोप्रिनची सुरुवात एकाच महिन्यात करू नका. पोटात दुखलं तर दोष कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि कदाचित एक उपयोगी औषध कायमचं बंद होईल.

क्रोन्सच्या रुग्णांसाठी आणखी एक. त्यांना पीएससी कमी होतो, पण लहान आतड्याचं शेवटचं टोक आजारी असलं किंवा कापलेलं असलं की पित्तक्षार नीट शोषले जात नाहीत आणि पित्ताचे खडे जास्त होतात. म्हणजे स्टेंट त्यांच्याही वाट्याला येतो. स्टेंट जागेवरून सरकू शकतो, वर यकृताकडे किंवा खाली आतड्यात. खाली सरकलेला बहुतेक वेळा मलावाटे निघून जातो, रुग्णाला कळतही नाही. पण क्रोन्सने आवळलेल्या आतड्यात, किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या जोडाशी तो अडकू शकतो. तिथे तो आतड्याची भिंत भोकसू शकतो. क्रोन्सच्या माणसाचं पोट दुखलं की सगळ्यांच्या मनात क्रोन्सच येतो. स्टेंट असताना दुखलं तर पोटाचा साधा एक्स-रे काढा, नळी त्यात दिसते. आणि स्टेंट काढायला बोलावल्यावर तो जागेवर दिसला नाही, तर ‘पडून गेला असेल’ यावर थांबू नका. ज्याचं आतडं अरुंद आहे, त्याचा स्टेंट खरंच बाहेर गेला, याची खात्री करून घ्या.

विसरलेल्या स्टेंटचं दुःख वेगळंच आहे. ते आजाराने नाही, बरं वाटण्याने येतं. कावीळ उतरते, खाज थांबते, भूक लागते, माणूस कामाला लागतो. आत काही आहे हे त्याला जाणवतच नाही. वर्ष, दोन वर्षं तशीच जातात. मग नळीभोवती खडे जमलेले असतात, ती ठिसूळ झालेली असते, ओढताना तुटते, कधी शस्त्रक्रियेवर जाते. ‘रुग्ण फॉलो-अपला आला नाही’ ही ओळ अशा प्रत्येक फाइलीत असते. ती खरी असते, पण तेवढ्याने विभागाची जबाबदारी संपत नाही. नळी ठेवणाऱ्या विभागाकडे एक नोंदवही असावी : कोणाच्या, कुठल्या नलिकेत, किती जाडीची, कधी ठेवली, कधी निघणार. आठवड्यातून एकदा एका सिस्टरने ती पाहावी आणि तारीख उलटलेल्या प्रत्येकाला फोन करावा. काही ठिकाणी हे संगणकावर आपोआप होतं. जिथे होत नाही तिथे साधी वहीदेखील चालेल.

आणि स्टेंट पुन्हा पुन्हा लागत असेल, तर त्या अरुंद जागेकडे संशयाने पाहा. पीएससीच्या रुग्णांत पित्तनलिकेचा कर्करोग होण्याचा धोका आयुष्यभरात १० ते २० टक्के सांगितला जातो. नवी अरुंद जागा, एकाएकी वाढलेली कावीळ, उतरलेलं वजन, अशा वेळी आत गेलात की ब्रशने पेशी घ्या. पुढे दर वेळी केवळ नळी बदलत राहिलो आणि आतली गाठ वाढत गेली, असं कुणाचं होऊ नये. आतड्याकडचंही तसंच. पीएससी आणि कोलायटिस एकत्र असले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि पीएससीचं निदान झाल्यापासून दर वर्षी कोलोनोस्कोपी लागते, आतड्याचा त्रास अजिबात नसला तरी. स्टेंटच्या धावपळीत ती राहून जाते. पित्ताच्या डॉक्टरांना वाटतं आतड्याच्यांनी केली असेल.

नव्या मशीनची किंवा मोठ्या खर्चाची मागणी मी यात कुठे केलेली नाही. ईआरसीपीच्या आधी दोन्ही विभागांचं दहा मिनिटं बोलणं, कार्डावर काढायची तारीख, चालू औषधं आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर, आणि आतड्याच्या फाइलीत पहिल्याच पानावर ‘स्टेंट आत आहे’ हा शेरा. स्टेंट निघाला की तो शेरा खोडायचा, त्याचीही तारीख घालून.

भावाची पुढची ईआरसीपी लवकरच आहे. बलूनवर भागेल की पुन्हा स्टेंट लागेल, हे आत गेल्यावरच ठरेल, असं त्याच्या डॉक्टरांनी या वेळी स्वतःहून सांगितलं आणि स्टेंट ठेवला तर काढायची तारीख त्याच दिवशी देऊ, असंही सांगितलं. ही पद्धत त्यांनी आपल्या विभागातल्या आतड्याच्या दाहाच्या प्रत्येक रुग्णासाठी लागू करावी, आणि तुम्हीही करावी, एवढ्यासाठी हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे.

आपली,
एका रुग्णाची बहीण